दुसरी किल्ली

"गाडी रेस ट्रॅकवर पळवलीत, म्हणून वॉरंटी मिळणार नाही," गुंजाळ साहेबांनी सबनीस मॅडमना पुन्हा सांगितलं. "गेल्या महिन्याची नोंद गाडीच्या कंप्युटरमध्येच आहे."

"मग भाच्यानंच नेली असणार. दुसरी किल्ली त्याच्याकडे असते," मॅडम म्हणाल्या. "शपथेवर नाही म्हणत होता, तरी परवा त्याला घराबाहेर काढलं मी."

मी त्यांच्याच गाडीचं बॉनेट उघडून उभा होतो. आता गप्प राहवेना.

"साहेब, गाडी सर्व्हिसिंगला आली होती ना, तेव्हा टेस्टच्या नावाखाली मीच ट्रॅकवर नेली," मी म्हणालो. "नोकरी जाईल म्हणून बोललो नाही."

साहेब लालबुंद झाले. मॅडमनी मात्र नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"मावशी?" पलीकडून दबका आवाज आला.