बिनमांडवाचे देव

कॉलेजच्या कार्यक्रमात त्यांची विद्यार्थिनी रंजिता माईकवरून सरांची ओळख करून देत होती. आगिवले सर मुरबाडला मराठी शिकवतात, धसईपलीकडच्या वाडीतले, वाडीतून एम. ए. झालेले पहिले. आवड लोकगीतांची. साहित्य पुस्तकात कमी आणि माणसांच्या तोंडी जास्त असतं, असं सर वर्गात नेहमी सांगतात.

पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेला टेकलेल्या सकुबाईला यातलं निम्मंच कळलं. पण आपला भाचा धाऊ मोठा 'सर' झाला हे कळायला तेवढं पुरे होतं. आईवेगळ्या धाऊला तिनंच आपल्या पोरांबरोबर पेज पाजून वाढवलं होतं. आज त्यानं जीप पाठवून तिला कॉलेजात आणवलं होतं. कशाला, ते मात्र सांगितलं नव्हतं.

पडदा सरकला. भाड्याची नऊवारी नेसलेल्या मुली पेटीच्या सुरावर गाऊ लागल्या.

गाणं सकुबाईचं होतं. तिकडच्या वाड्यांत लग्न लावते ती धवलेरी, आणि सकुबाई धवलेरी होती. मांडव पडला, तांदळाचा चौक भरला, की मगच ती एकेका देवाला नाव घेऊन बोलावते. मांडव नसताना हाक मारली तरी देव येतात. मग उभ्यानं ताटकळतात, आणि त्यांचा राग निघतो तो पुढच्या मांडवावर. पुढचा मांडव तिच्याच नातीचा होता, ठमीचा. हे धाऊला ठाऊक होतं. गाणं मागायला मुंबईहून आलेल्या शिकल्यासवरलेल्या मंडळींना तिनं कधी दाद दिली नाही, पण त्याला ती हे गाणं ओळीओळीनं शिकवून बसली होती. "मांडवाबाहेर नाय जायाचं हे, मावशी," असं तिच्या पायावर हात ठेवून तो म्हणाला होता. आता माणसानं विश्वास ठेवावा तरी कुणावर?

मुली हसत हसत डोंगराच्या देवाला हाका मारत होत्या, मग पाण्याच्या, मग कणसाच्या. मागून शिट्ट्या येत होत्या. धाऊ स्टेजच्या कडेला उभा राहून मान डोलावत होता. सकुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं, आणि वळून पाहुण्यांच्या कानाशी लागला.

तिचं काळीज फाटलं. पण रडत बसायला सवड कुठे होती? देव येऊन उभे असणार.

टाळ्या थांबल्या तशी ती उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि बोळवणीचं गाणं म्हणू लागली. पोरींची चूक पदरात घ्या, ठमीवर रागवू नका, असं विनवत एकेकाला नावानं माघारी धाडू लागली. सभागृह चिडीचूप झालं. तिचा आवाज दोनदा फुटला. शेवटचा देव गेला आणि पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जोरात.

धाऊ जवळजवळ पळतच खाली आला. त्याचे डोळे चमकत होते.

"मावशी, हेच तेवढं माझ्याकडं नव्हतं. कधी म्हटलंच नाय गो तू. एकदा माईकवर म्हण ना."

सकुबाईनं डोळे पुसले.

"देव धाडलं मी माघारी," ती म्हणाली. "तुला कुठं धाडू रे? तू तं घरचा."