फक्त आईवडील

“भाऊ आले तर मला सोडू नका,” रूपा म्हणाली.

मृणालीने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. विद्यार्थी मंडळाची खोली म्हणजे धुळ्याच्या त्या कॉलेजातली कँटीनमागची जुनी कोठी. दारावरची ‘कल्याण, सुरक्षा, समानता’ ही पाटी मंडळाचा सचिव संघपाल याने स्वतः रंगवली होती. जागा पुरली नाही म्हणून ‘समानता’ बारीक झाली होती.

“कधी येणार आहे?”

“परीक्षेच्या आधीच येतील. स्थळ ठरवलंय भाऊंनी. शेवटचं वर्ष आहे, तेवढे पेपर देऊ द्या म्हटलं, तर…” रूपाने गालाला हात लावला. डोळ्याखाली एक बारीक व्रण होता. “अंगठी लागली.”

भीतीपोटी माणूस सख्ख्या भावालाही अहो-जाहो करतो, असं मृणालीला वाटलं. ती जळगावची, शहरात वाढलेली. तिचा भाऊ उलट तिलाच घाबरायचा.

“आई काही बोलत नाही?”

“भाऊंसमोर? घरात बठ्ठं त्यांचंच चालतं.”

“मी तुझ्या वडिलांशी बोलू का?”

रूपा दचकली. “नको. भाऊ कुणाचंच ऐकत नाहीत.”

पुढे कितीतरी वेळा मृणालीने हे उत्तर मनात घोळवलं. त्या दिवशी मात्र ते तिला अगदी सरळ वाटलं होतं.

“काळजी करू नको,” शेजारी बसलेला संघपाल म्हणाला. “नियमच तसा आहे.”

नियम मंडळानेच झगडून आणला होता. पूर्वी वसतिगृहातून मुलीला कुणीही घेऊन जायचं. काका, मामा, भाऊ. एकदा तर एम.ए.ची मुलगी दहावीतल्या भावाच्या सहीवर घरी गेली. ही कसली समानता, म्हणून मृणाली उपोषणाला बसली. आता वसतिगृहाच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : मुलीला नेण्यास फक्त आईवडील.

“म्हणजे भाऊंना तुम्ही अडवू शकता?” रूपाने विचारलं.

“नियमात भाऊ बसतच नाही,” मृणाली म्हणाली.

रूपा काहीतरी विचारणार होती. मग तिने नुसती मान हलवली आणि चहा एका दमात पिऊन टाकला.

संध्याकाळी तिने मोबाइलवर घरचा फोटो पाठवला. मुक्ताईनगरच्या यात्रेत काढलेला. पदर दातात धरलेली आई, टोपी घातलेले वयस्कर वडील आणि मागे काळा गॉगल लावून हाताची घडी घातलेला तरुण. मृणालीला काही विचारावं लागलं नाही. तिने तरुणाचा चेहरा तेवढा मोठा करून छापला आणि फाटकावरचा रखवालदार जीवराम याच्याकडे दिला.

“हाच तिचा भाऊ. आत सोडायचा नाही.”

“यी कसा? मी उभा शे ना, ताई,” जीवराम म्हणाला.

आठवडाभराने तो आलाच. मोटरसायकल रस्त्यातच टाकून पळत फाटकापाशी आला. जीवरामने दांडा आडवा धरला आणि मृणालीला बोलावलं.

“मी ललित. रूपाला घेऊन जायचंय, ताई. लगेच.”

“नियम वाचा.”

“वाचला. पण सावद्याला मावशीकडे सोय केलीय मी तिची. तिथूनच पेपर देईल. तुम्ही तिला नुसतं विचारा तरी.”

“तिनेच सांगितलंय तुम्हाला सोडायचं नाही म्हणून.”

“मला?” तो गॉगल काढून बघतच राहिला. “ताई, असं ती म्हणणार नाही.”

“पोलिसांना बोलावू?”

तो फाटकाचे गज धरून थोडा वेळ उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं. नाटकी आहे, असं मृणालीला वाटलं. मोटरसायकल उचलून तो गेला, तेव्हा जीवरामने दांडा खांद्यावर टाकला. “गया हिरो.”

मृणालीने संघपालला फोन केला. पहिल्यांदाच आपलं काम खरोखर कुणाच्या तरी उपयोगी पडलं, असं ती म्हणाली.

उन्हं उतरताना रूपाचे वडील आले. सोनगीरहून जीप करून आले होते. हातात केळ्यांची पिशवी. फाटकाबाहेर चपला काढायला लागले, तेव्हा जीवरामने त्यांना थांबवलं. त्यांनी कार्ड पुढे केलं. नाव होतं आधार.

“आधारचंच आधार कार्ड,” जीवराम हसला. तेही हसले.

“पोरनी माय आजारी शे, ताई. दोन दिनमा परत सोडी जासू.”

त्यांनी हात जोडले. मृणालीला आपले पप्पा आठवले. तेही अनोळखी माणसासमोर असेच संकोचत. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. भावाबद्दल काही बोलावं असं मनात आलं, पण म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं. त्यांनी सावकाश सही केली. सही करताना बोटातली जाड अंगठी टेबलावर वाजली.

मृणाली स्वतः वर गेली. रूपा पुस्तकात डोकं घालून बसली होती.

“तुझा भाऊ आला होता. परत पाठवला.”

“भाऊ गेले?” रूपा उठून उभी राहिली. “खरंच गेले?”

“तोंड पाडून गेला.”

रूपा हसली. तिला हसताना मृणाली पहिल्यांदाच पाहत होती. हसली की ती शाळकरी दिसायची.

“आता खाली चल. कुणीतरी भेटायला आलंय.”

“कोण?”

“चल तर. बघून बरं वाटेल तुला.”

रूपाने तिचा हात धरला आणि दोघी जिना उतरल्या. जीवरामने फाटक उघडून ठेवलं होतं. शेवटच्या पायरीवर रूपा थांबली. तिने मृणालीचा हात घट्ट आवळला.

“भाऊ,” ती म्हणाली.

मृणालीने झटकन फाटकाबाहेर पाहिलं. जीपपलीकडचा रस्ता रिकामा होता.

“ओ,” खुर्चीतून उठत वडील म्हणाले.