विहिरीपाशी वळलेली रेषा

तस्नीमने क्षार मोजायचा मीटर पुसून पुन्हा बादलीत बुडवला. आकडा तोच आला. दोन हजार सहाशे.

"अम्मी, ही आपल्याच विहिरीची बादली ना?"

"मग काय लोकांच्या विहिरीची आणू?" हमिदा पाटावर बसून मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

तीन वर्षं ती दर महिन्याला खाडीकाठच्या अकरा विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून मिरजोळ्याच्या प्रयोगशाळेत लेकीकडे पाठवत होती. तस्नीम क्षार मोजायची, नकाशावर आकडे मांडायची आणि जिथे जिथे दोन हजार येतात ते बिंदू रेषेने जोडायची. त्या रेषेपलीकडे, खाडीच्या अंगाला, पाणी पिण्याजोगं नाही. दर उन्हाळ्यात रेषा वाडीत थोडी आत सरकायची. फक्त त्यांच्या घरापाशी ती वळून खाडीकडे जायची. खाली खारं पाणी अडवणारा अखंड कातळ असणार, तस्नीमने अहवालात लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात नळयोजनेची यादी त्याच नकाशावरून ठरली. वळशातली चार घरं गोड्या पाण्याची म्हणून वगळली गेली.

"आपली बाटली कुठून भरायचीस?"

सुरी थांबली. "वरच्या आळीतनं. दीपालीच्या विहिरीतनं." मग घाईने, "एकच गो. बाकीच्या दहा खऱ्या."

"पण का?"

"तुझ्या अब्बांनी कातळ फोडून काढलेली विहीर. खाडीला लागून, नि पाणी शहाळ्यासारखं. ती खारी झाली, हे तुझ्याच हातून लिहून घेऊ?"

तस्नीमने मीटर पुसून डबीत ठेवला.

"आता सांग ना तुझ्या सायबाला. तुझं ऐकतील."

"सह्या झाल्या, अम्मी. उरलेले पाइपसुद्धा परत गेले."

कुंपणापलीकडून सावित्रीकाकू चालली होती. वगळलेल्या चारांतलं एक घर तिचं. तस्नीमला बघून ती थांबली.

"कधी आलीस गो? आम्हाला नळ नाही मिळाला, ऐकलंस ना? म्हणतात, तुमच्याकडे गोडं पाणी आहे." ती हमिदाकडे बघून हसली. "तर काय! हमिदाबीची विहीर आहे आम्हाला."

आणि कमरेवरचा रिकामा हंडा सावरत, हमिदाच्या विहिरीवरून न थांबता पुढे, ती वरच्या आळीची चढण चढू लागली.