आठाचं डोकं

आठाचं डोकं आजही उघडंच राहिलं होतं.

आशाबाईंनी खाटेकडे पाहिलं. काकासाहेब हात डोळ्यांवर आडवा टाकून पडले होते. दुपारची झोप. आशाबाईंनी हळूच टेबलावरची गाडी उचलली.

वीतभर लांबीची, हिरवी, शर्यतीची गाडी. खोक्यावरच्या चित्रात तिच्या नाकावर पांढरा गोल आणि गोलात काळा 8. गाडी जोडायच्या संचातले चिकटवायचे आकडे जुने होऊन चिरलेले, म्हणून काकासाहेबांनी तो हातानं रंगवला होता. पण वरची दोन टोकं जुळलीच नव्हती. शिंगांसारखी उभी होती. मराठीतला ४ झाला होता.

आशाबाईंनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, श्वास धरला आणि टोकं जुळवली. ब्रश पुसून होता तिथं ठेवला.

एकतीस वर्षं या माणसानं चिकलठाण्याच्या एका कारखान्यात रंगखात्यात काढली. पट्टी न लावता रेघ मारायचा. रिटायर झाल्यावर या छोट्या गाड्यांचा नाद लागला. काचेच्या कपाटात अकरा उभ्या होत्या. गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या फितीचे सीटबेल्ट, पळून आल्यासारखी दिसावीत म्हणून पॉलिश पेपरनं घासलेली चाकं. बारावी जागा रिकामी होती.

इंग्रजी आकडेही त्यांनीच शिकवले होते. खुलताबादेकडून लग्न होऊन आलेल्या, चौथी शिकलेल्या आशाबाईंना शहरातल्या बसचे नंबर कळत नसत. तेव्हा काकासाहेब स्टॉपवर उभं राहून तळहातावर बोटानं काढून दाखवायचे. "आपल्या चाराचं डोकं बांधलं, की झाला इंग्रजी आठ." आणि आज त्याच माणसाला ते डोकं बांधता येत नव्हतं.

वरच्या मजल्यावरची मेघा वाटी परत द्यायला आली.

"काकू, गॅसवर चिठ्ठी कसली लावलीय?"

"ह्यांची. 'गॅस बंद केला का?' नळाजवळ बी एक हाय. नजरेसंगं इसरायला बी लागलेत आता." आशाबाईंनी आवाज खाली आणला. "जालना रोडच्या डॉक्टरकडं गेलो होतो ना. डोळे ह्यांचे, आन् सगळे प्रश्न मला! म्या म्हणलं, डॉक्टर, पेशंट तिकडं बसलाय."

मेघा हसली नाही. "मग काय म्हणाले?"

"म्हणले, चूक दिसायची बंद झाली, की इथं दोघंच राहू नका. पोराकडं जावा."

पोरगा ऋतुराज पुण्याला, अकराव्या मजल्यावर. आशाबाई एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. हाक मारायला खाली माणूस नाही, खिडकीला जाळी. आणि तिथं काकासाहेबांचं टेबल कुठं मावणार? रंगाच्या वासानं सुनेचं डोकं दुखायचं. टेबल गेलं की हा माणूस चार महिन्यांत संपणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. म्हणून चूक कुणाच्या नजरेला पडूच द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

"ही बघितली का? नवी हाय," त्यांनी हिरवी गाडी मेघाच्या हातात दिली.

मेघानं गाडीकडे पाहिलं, मग खाटेकडे. "हो काकू. छान आहे."

"नंबर बघ की."

"आठ. मस्त जमलाय."

"म्या जुळवला. म्हातारा उठला की म्हणल, आपणच काढला!" आशाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "ऋतुराजला सांगशील तर याद राख."

मेघा गेल्यावर काकासाहेब उठले. भिंग घेऊन, गाडी नाकाजवळ नेऊन खूप वेळ पाहत राहिले.

"जमलाय का गं?"

"जमलाय की! हात शाबूत हाय अजून तुमचा."

"व्हय?" ते म्हणाले. "तुझ्या तोंडात साखर पडो."

असं रोज चाललं. रोज दुपारी आठाचं डोकं उघडं असायचं, आणि ते उठेपर्यंत आशाबाईंनी बांधलेलं असायचं. मध्ये एकदा त्यांना ब्रश शोधायला वेळ लागला. एकदा तो दुधाच्या पातेल्यात सापडला. काकासाहेबांनीच ठेवला असणार. त्यांनी तो धुऊन जागेवर ठेवला.

त्या रविवारी आशाबाईंनी गाडी उचलली. खोक्यावरचं चित्र पाहिलं, गाडी पाहिली. पदरानं टपावरची धूळ टिपली. गाडी जागेवर ठेवली आणि मेथी निवडायला बसल्या.

काकासाहेब उठून टेबलाशी आले.

"आशा, नंबर बघितलास का?"

"बघितला की. झ्याक आलाय."

"कितीचा हाय?"

"चार." त्या हसल्या. "आता मला आकडे शिकवता का काय?"

"नाय," काकासाहेब म्हणाले. "शिकवून झालं."

जुडीतल्या काड्या टोपलीत आणि पानं कचऱ्यात पडत होती. काकासाहेबांनी ते पाहिलं. मग ओट्याजवळ जाऊन त्यांनी ऋतुराजला फोन लावला. "ये बाबा. व्हय, आजच निघ."

परत येऊन खुर्चीत बसले. सवयीनं थिनरची बाटली उघडली, काडीला कापूस गुंडाळला. भिंग बाजूला सारून नुसत्या डोळ्यांनी गाडीच्या नाकावर कापसाचं टोक नेलं. हात जराही हलत नव्हता. दोन महिने रोज संध्याकाळी, आशाबाई देवापाशी दिवा लावत असताना, ते अशाच बोळ्यानं आठाचं डोकं पुसत आले होते.

आज पुसायला काहीच नव्हतं.