बोटाएवढी कॉपी

लग्नांच्या फोटोंची डिस्क उघडेना, तेव्हा दोष शोधायला सुकेशनीने डिस्कवरच्या फायलींची फक्त नावं, तारखा आणि आकार एका छोट्या फाइलमध्ये उतरवून घेतले. "सर, यात एकही फोटो नाही. डिस्कला हात लावू नका," तिने स्टुडिओच्या मालकांना बजावलं.

योगीराज हसले. "बीएस्सी झालीस म्हणून मला शिकवायलीस का?" आपल्या अज्ञानावर त्यांचा फार विश्वास होता. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन त्यांनी पुढच्या लग्नासाठी डिस्क फॉरमॅट केली. एवढी मोठी डिस्क बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये बसवल्याचं चहाच्या टपरीवर सांगूनही आले.

झरीच्या कुसुमबाई एकुलत्या एका लेकीच्या लग्नाचे फोटो न्यायला आल्या, तेव्हा कुठे योगीराजांनी ती फाइल उघडून पाहिली. घाम पुसत ते म्हणाले, "मावशी, समदे नावं हायत बघा. हळद, वरात, पंगत. फोटो तेवढे न्हाईत."

कुसुमबाईंनी पडद्यावरच्या 'पंगत' या नावावर बोट ठेवलं.



"पंगतीत तुमी दोनदा ताट भरून घेतलं, भाऊ. नुसते नावंच वाढले असते, तर उठला असता का ढेकर देऊन?"