धर्ममातेचा वास

आत ऑर्गन वाजायला लागला, तरी मर्ना चर्चच्या बाहेरच होती. बाहेर म्हणजे अगदी बाहेर, गाड्या लावायच्या मैदानाच्या टोकाला, कचऱ्याच्या पिंपाशेजारी. तिथेच उभं राहा असं तिला सगळ्यांनी सुचवलं होतं. पिंपानं तेवढी हरकत घेतली नव्हती.

फादर लायनस तिच्याशी बोलायला आले ते वाऱ्याचा अंदाज घेत, अर्धं वर्तुळ काढून.

“मर्नाबाई, सकाळी नेमकं झालं काय?”

“वाटेत स्कंक दिसला, फादर. पीनट बटरच्या बरणीत डोकं अडकलेला. रस्त्याच्या मधोमध आंधळ्यासारखा गरगरत होता, कुणाच्या तरी चाकाखाली गेला असता. मी उतरले, हळू हळू बोलत जवळ गेले, बरणी ओढून काढली. त्यानं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग वळला, शेपूट वर केली आणि ती घाण वासाची पिचकारी अंगावर मारून आभार मानले.”

फादरांच्या ओठाचा कोपरा हलला.

“हसू नका. ठेवणीतला कोट गेला तो गेलाच. वास जातो असं सगळे सांगतात म्हणून टोमॅटोच्या रसानं न्हायले. आता स्कंकचा वास आहेच, वर कुणाकडे तरी सार उतू गेल्यासारखाही येतोय.”

आज तिच्या पुतणीच्या, शॉनाच्या, लेकीचा बाप्तिस्मा होता, आणि धर्ममाता म्हणून बाळ हातात धरायचा मान मर्नाचा होता. तिला स्वतःचं मूल नव्हतं. शॉनानं तिला हे सांगितलं, तेव्हापासून ती रोज पिठाची पिशवी हातांवर घेऊन स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. सराव असावा म्हणून.

“मी म्हणतो, आजच्यापुरती रीटाबाईंना उभं करू,” फादर म्हणाले. “तान्ह्या बाळाचाही विचार करायला हवा.”

रीटा म्हणजे मर्नाची धाकटी जाऊ. पांढरे हातमोजे घालून ती पायऱ्यांवर तयारच होती.

“मलाही दिसला होता तो,” रीटा लांबूनच म्हणाली. “मी गाडी बाजूनं काढली. असल्या जनावराच्या नादी लागू नये, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं.”

“ऐकलंत?” मर्नाचा आवाज चढला. “हिनं बघितलं आणि पुढे गेली. ही पायरीवर. मी थांबले. मी पिंपापाशी. हा कुठला न्याय, फादर?”

“चांगल्या माणसांचीच परीक्षा...”

“देवानं परीक्षेसाठी सगळं हिरावून घेतलं त्या ईयोबाची गोष्ट मला नका सांगू. इथल्या पोरांना वर्षानुवर्षं मीच ती शिकवली. शेवटी त्याला सगळं परत मिळालं, मेंढरांसकट. एक पोरगी दर वेळी विचारायची, ‘टीचर, मग आधी नेलंच कशाला?’ मी म्हणायचे, मोठी झालीस की कळेल. सत्तरी उलटली माझी. अजून किती मोठं व्हायचं?”

तेवढ्यात दार उघडून शॉना बाहेर आली. कडेवर लांब पांढऱ्या झग्यातलं बाळ.

“काकू, तू येतेस की मी तिकडे येऊ?”

“अगं, वास...”

“माझा नवरा शेवंडं पकडायच्या बोटीवर सडक्या मासळीचं आमिष कापतो. आमच्या घरात वासाला कोण विचारतं?”

बाप्तिस्मा चर्चमध्येच व्हायला हवा, असं फादर म्हणाले. शॉना म्हणाली, पायऱ्या चर्चच्याच आहेत. बर्फ पडला की त्या साफ करायला आम्हालाच बोलावता ना?

पाण्याचं भांडं बाहेर आलं. मागोमाग नाकाला रुमाल लावून माणसं आली. रीटा तेवढी आत जाऊन पहिल्या बाकावर बसली आणि तिनं दार लावून घेतलं.

मर्ना पायऱ्या चढली. शॉनानं बाळ तिच्या हातांवर ठेवलं. बाळानं नाक मुरडलं, एक शिंक दिली, आणि मर्नाच्या मानेत तोंड खुपसून झोपून गेलं. मर्ना श्वास रोखून उभी राहिली. बाकीच्यांनीही श्वास रोखला होता, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

फादरांनी एका हातानं रुमाल सावरत पुस्तक उघडलं.

“सैतानाला आणि त्याच्या सर्व कृत्यांना तुम्ही नाकारता का?”

नुसतं ‘नाकारते’ एवढंच म्हणायचं असतं. सगळे थांबले.

“सांगते,” मर्ना बाळ उठणार नाही अशा बेतानं म्हणाली. “आधी तुम्ही सांगा. स्कंक सैतानाच्या कामांत धरायचा, की देवाच्या?”

उत्तर द्यायला फादरांनी नाकावरचा रुमाल काढला. एक श्वास घेतला. रुमाल पुन्हा जागेवर गेला.