उतारावरची गाडी

“अठरा वर्षं वापरतोय सिस्टर. घाटात हिने एकदाही दगा दिलेला नाही,” शेजारच्या सीटवरून डांगे म्हणाले.

स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या हेमलताला हा धीर हवाच होता. तिची बदली घाटाखालच्या दवाखान्यात झाली होती आणि ड्यूटी संपायच्या आत शेवटची एसटी निघून जायची. नवी गाडी आवाक्याबाहेरची. डांग्यांनी विकायला काढलेली ही जुनी, एवढीशी, पण पेट्रोल कमी पिणारी. बाजारातल्या सपाट रस्त्यावर तिने दोन फेऱ्या मारल्या. गाडी गुणी वाटली. मग डांग्यांच्या दारापुढचा चढ चढून तिने हँडब्रेक ओढला, तेव्हा घाट आपल्याला जमेल असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

इंजिन बंदही झालं नव्हतं, तोच डांगेकाकू लगबगीने बाहेर आल्या. पायरीशेजारचा दगड उचलून त्यांनी वाकून मागच्या चाकाला लावला. रोज दारात दोन रेघांची रांगोळी ओढावी, तितक्या सवयीने. दगडाची एक बाजू टायर घासून काळीकुळकुळीत झाली होती.

“अगं, आत्ता कशाला तो?” डांगे खेकसले.

घाटातलं एकेक वळण हेमलताच्या डोळ्यांपुढे येऊ लागलं. ब्रेकवरचा पाय उचलायची तिची छाती होईना. खिडकीतून मान बाहेर काढून तिने विचारलं, “काकू, हिचे ब्रेक लागतात ना हो?”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं.

“लागतात की,” त्या म्हणाल्या. पण दगडावरचा हात काही त्यांनी काढला नाही.